श्वास कुणी कधी घ्यायचा

प्रिय आई आणि पप्पा,

जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी फोनवर आईनं विचारलं, "उपासनेला जातेस ना गं?" मी "हो" म्हटलं आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर ते "हो" मलाच फार तोकडं वाटलं. खोटं नव्हतं, पण त्यातून तुम्हाला काही कळलंही नसणार. म्हणून हे पत्र. असलं काही फोनवर बोलायला गेले की माझा घसा दाटतो आणि आई घाबरते.

आजी गेली तेव्हा मला येता आलं नाही, ते पुन्हा उगाळत नाही. दफनविधी मी फोनवर पाहिला. तुम्ही सगळे गात होता आणि आवाज अडकत येत होता; एक ओळ यायची, पुढची गायब. मी इथे खोलीत बसून सोबत गायला गेले, पण तुम्ही तिसऱ्या ओळीवर आणि मी दुसऱ्या. त्यानंतर दोनेक महिने मला प्रार्थनाच जमली नाही. देवावर रागबिग नव्हता. शब्द येईनात. डोळे मिटायचे, उघडायचे, झालं. तेव्हा सांगितलं नाही, कारण पप्पांनी लगेच पाळकांना गाठलं असतं आणि संध्याकाळपर्यंत सगळी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करत बसली असती. (आता हसू येतंय. करू द्यायला हवी होती.)

उपासनेला मात्र जात होते. सवयीनं, शेवटच्या बाकावर. एकदा क्वायरमधल्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातल्या, एका बाईंनी गाठलं. आल्टोत माणसं कमी आहेत, येशील का? मी म्हटलं, मला नोटेशन वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "आम्हाला तरी कुठे धड येतं!"

आई, आल्टो म्हणजे काय ते तुला सांगायलाच हवं, कारण तू म्हणशील हे कसलं गाणं. आपण सगळे मिळून एकच चाल गातो, पेटीच्या मागोमाग. इथे चार भाग पडतात. चाल असते सोप्रानोंकडे, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांकडे. आमच्या वाट्याला खालचे तीन-चार सूर, तेच तेच, मधेच एखादी विचित्र उडी. घरी एकटीनं सराव करताना ते गाणं आहे असं वाटतही नाही. दाराबाहेर कुणी ऐकलं तर वाटेल, ही बाई स्वतःशी कुरकुरतेय. पहिले दोन आठवडे मी रागावूनच गायले. तिसऱ्या सरावाला बाकीचे तीन भाग एकदम सुरू झाले आणि माझा तो कंटाळवाणा सूर अचानक आपल्या जागेवर जाऊन बसला. आजीची मांडणीतली डब्यांची झाकणं आठवली. एकेकटं झाकण हातात घेतलं की कळायचं नाही कुठल्या डब्याचं.

पण मला सांगायचंय ते श्वासाबद्दल. काही ओळी इतक्या लांब असतात की एका दमात कुणालाच पुरत नाहीत, आणि मधे सूर तुटलेला तर चालत नाही. क्वायर मास्तरांनी युक्ती शिकवली. श्वास संपायची वाट बघायची नाही. शेजारीण घेते तेव्हा आपण घ्यायचा नाही. ओळ संपते तिथे तर मुळीच नाही, कारण तिथे सगळेच घेतात आणि भोक पडतं. एखादा स्वर लांबवलेला असेल त्याच्या मधेच गुपचूप थांबायचं, श्वास भरायचा आणि हलक्या आवाजात परत सुरात शिरायचं. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही कोण कधी थांबलं.

एका रविवारी आजीच्या आवडीच्या चालीवरचंच गीत निघालं. शब्द इथल्या भाषेतले, चाल तीच. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज बंद झाला. अगदी बंद. पुस्तकावर डोळे ठेवून उभी राहिले. डावीकडच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त पुस्तक किंचित माझ्या बाजूला सरकवलं आणि माझा सूर थोडा मोठ्यानं धरला. गीत कुठेच तुटलं नाही. शेवटच्या कडव्याला मी परत आत शिरले, हलक्या आवाजात, शिकवल्याप्रमाणे. दोन महिन्यांत माझी पहिली प्रार्थना झाली ती ही, आणि त्यातली अर्धी दुसऱ्यांनीच गायली.

पप्पा, तुमच्यासाठी एक गोष्ट, थोडी भांडणाची. तुम्ही साक्ष देताना जॉन न्यूटनचं सांगता: समुद्रात वादळ आलं, गुलामांच्या व्यापारातल्या त्या माणसानं देवाला हाक मारली, त्याच रात्री धंदा सोडला आणि 'अमेझिंग ग्रेस' लिहिलं. मी इथे वाचलं, तर तसं नाहीये. वादळ 1748चं. त्यानंतरही तो 1754 पर्यंत गुलामांच्या जहाजांवर होता, चक्क कप्तान म्हणून, आणि थांबला तोही तब्येतीमुळे. मग पाळक झाला. ते गीत त्यानं ऑल्नी गावच्या आपल्या मंडळीसाठी लिहिलं, 1 जानेवारी 1773 च्या उपासनेसाठी. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिलं 1788 साली. वादळानंतर चाळीस वर्षांनी! आणि आज आपण गातो ती चाल त्या शब्दांना मिळाली 1835 मध्ये, अमेरिकेत. तोपर्यंत न्यूटन जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

तुम्ही म्हणाल, पोरीनं गोष्टीची मजाच घालवली. मला उलट ही जास्त आवडली. त्या चाळीस वर्षांत जी माणसं जहाजांतून नेली गेली त्यांचा विचार केला की गोड वाटत नाही, आणि वाटूही नये. पण माझ्याकडे एका रात्रीची साक्ष नाही, याची मला लहानपणापासून लाज वाटायची. युवक संघात सगळे उभे राहून सांगायचे, अमुक दिवशी प्रभू माझ्या जीवनात आला. मी तारीख काय सांगणार? आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर. बाईंनी घाई केली नाही, ते बरंच केलं.

रोजच्या आशीर्वादांची वही ठेव, असं आई नेहमी सांगते. ठेवून पाहिली. चौथ्या दिवशी "बस वेळेवर आली" लिहिलं, पाचव्या दिवशी बस चुकली आणि मी वहीवरच चिडले. त्याऐवजी आता एक वेगळं करते. जर्मन संगीतकार बाख आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी 'देवालाच गौरव' या अर्थाची तीन अक्षरं लिहायचा, हे पुष्कळांना माहीत असतं. पण सुरुवातीलाही तो पुष्कळदा दोन अक्षरं टाकायचा, जे. जे. अर्थ, येशू, मदत कर. एवढा मोठा माणूस कोऱ्या कागदापुढे बसून आधी मदत मागतो! मला शेवटच्यापेक्षा ही सुरुवातीची अक्षरं जवळची वाटतात. सकाळी कामाचा दरवाजा ढकलताना मी तेवढंच म्हणते. गौरवापर्यंत रोज पोचतेच असं नाही.

आणि स्तोत्र 118. "परमेश्वराने नेमलेला दिवस हाच आहे" हे आपण नेहमी वाढदिवसाला, लग्नाला म्हणतो. मत्तयात लिहिलंय ना, शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊन येशू आणि शिष्य जैतुनांच्या डोंगराकडे गेले? ते भोजन वल्हांडण सणाचं, आणि त्या सणाला 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणायची यहुदी रीत आहे. म्हणजे बहुधा हेच ते गायले असणार. हाच दिवस, यात आपण आनंद करू, असं गाऊन येशू गेथशेमानेकडे चालू लागला, जिथे त्याच रात्री त्याला पकडलं. हे कळल्यापासून वाढदिवसाला ते म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो.

आता काम. आजी पहाटे उठून टिळकांचं जे भजन म्हणायची, त्याचं पहिलं कडवं मला येतं, दुसरं अर्ध्यावर अडतं. पुस्तकातून शब्द मिळतील, पण आजी तिसऱ्या ओळीला जी वळणं घ्यायची ती पुस्तकात नाहीत. आई, ती तुलाच येतात. फोनवर रेकॉर्ड करून पाठव. पप्पा मागे टेबलावर बोटांनी ताल धरतील, त्यांना गप्प करू नकोस. आणि मधे श्वास घ्यावा लागला तर बिनधास्त घे, पुन्हा पहिल्यापासून करत बसू नकोस.

तुमची,
बेबी