कणकुंबीला नेणाऱ्या ड्रायव्हर मामांना, आमच्या चौथीकडून

मामा, नमस्कार! डिसेंबरात आमच्या चौथीच्या पोरांना मलप्रभा नदीच्या उगमाला, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला घेऊन गेलेली ती पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर तुमची, आणि मी त्यांची बाई. परत आलो तेव्हा गेटवर पालकांची एवढी गर्दी की तुमच्याशी धड बोलणंच झालं नाही, तुम्हाला दुसरं भाडं होतं, तुम्ही निघून गेलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. किणये-जांबोटी भागात तुम्हाला ओळखणारे भरपूर आहेत, कोणतरी वाचून दाखवेलच.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. परिसर अध्ययनात नदीचा धडा आला तेव्हा मी पोरांना विचारलं नदी कुठनं येते, तर निम्म्या वर्गाचं उत्तर "पुलाखालनं". चूक तरी कसं म्हणायचं, आमच्या पोरांनी मलप्रभा बघितलीय ती खानापूरच्या पुलावरनं नाहीतर हायवेनं जाताना एम. के. हुबळीला, बसच्या खिडकीतनं. मग शाळेमागं बांधकामाची वाळू पडली होती त्यात आम्ही नदी काढली, वर दगडांचा डोंगर, खाली घमेल्याचं धरण, आणि पोरांनी बादलीनं पाणी ओतून ओतून युनिफॉर्मची वाट लावली. तरी एक पोरगी म्हणालीच, बाई, हितं आपण बादलीनं ओततोय, तिथं कोण ओततंय? आता ह्याचं उत्तर फळ्यावर काय देणार!

एरवी आमची सहल म्हणजे भुतरामनहट्टीचं झू, नाहीतर किल्ला, डबे खायचे, डोकी मोजायची आणि घरी. त्यात वाईट काही नाही, खरं ह्या वेळी मला मलप्रभेचा उगमच दाखवायचा होता. ज्याला विचारावं तो म्हणणार तिथं पोरांना बघायला काय आहे, एक देऊळ आणि झाडं, त्यापेक्षा गोकाकला न्या की. तुम्ही एकटेच म्हणालात, "माझं आजोळ तिकडंच आहे बाई, चला, मी दाखवतो." त्या "मी दाखवतो"चा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, मला वाटलं रस्ता दाखवताय.

जांबोटीच्या पुढं वळणं सुरू झाली तशी दोन-तीन पोरांची तोंडं उतरली, मी पिशव्या शोधतेय तोवर तुम्ही गाडी बाजूला घेऊन त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, डॅशबोर्डच्या कप्प्यातनं आवळासुपारी काढून दिली आणि वर "लांबच्या झाडाकडं बघायचं, पुस्तकात नाही" असं मास्तरासारखं सांगितलं. त्यानंतर कोणाला काही झालं नाही.

कणकुंबीला माउली देवीचं दर्शन झालं, मलप्रभा जिथनं निघते ते कुंड बघितलं. एवढंसं पाणी बघून पोरं जरा हिरमुसलीच, त्यांना वाटलं होतं धबधबा असेल. हीच का ती नदी जी ३०४ किलोमीटर जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते? मी आपली समजवायला लागले, आजूबाजूचे ओढे मिळत जातात, हितं बेळगावच्या तिप्पटहून जास्त पाऊस पडतो वगैरे, खरं निम्म्यांचं लक्ष माकडांकडं.

तेव्हा तुम्ही सगळ्यांना घेऊन तुमच्या ओळखीच्या आजींच्या गोठ्याकडं गेलात. गोठ्याचं छप्पर बुटकं, कौलारू. तुम्ही आजींकडनं तांब्या मागून घेतला, दगडावर चढून बरोबर आढ्यावर पाणी ओतलंत, आणि पाणी दोन पाख्यांवरनं दोन बाजूंना पळालं, एक धार अंगणात, दुसरी पलीकडं गवताच्या उडवीकडं. "हे आढं म्हणजे आपला हा डोंगर. अंगणातलं पाणी झालं मलप्रभा, उडवीकडचं म्हादई. ही पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला, ती गोव्यात जाऊन मांडवी होते आणि पणजीला समुद्रात. पाऊस एकच, कुठल्या पाख्यावर पडला एवढाच फरक." तांब्या रिकामा झाला तरी पोरं वरच बघत होती. मग प्रत्येकाला ओतायचं होतं आणि आजींनी एक शब्द न बोलता विहिरीचं पाणी भरून भरून दिलं, त्यांना पण दंडवत.

आणि मग आमच्या वर्गातल्या त्या एका महाभागानं विचारलंच, "मामा, बरोबर आढ्यावर शू केली तर?" मी डोळे वटारले, खरं तुम्ही जराही न हसता म्हणालात, "निम्मी पणजीला, निम्मी आंध्रात." ह्या उत्तरासाठी तुमचे खास आभार. पोराचा प्रश्न तसा बरोबरच होता आणि तुम्ही त्याला बरोबर उत्तर दिलंत. परत येताना हब्बनहट्टीला थांबलो, मारुतीचं देऊळ नदीत आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातं, तिथं पोरांनी पाण्यात पाय सोडून डबे खाल्ले, चपातीभाजी, चित्रान्न, भडंग, सगळं एकमेकांच्या डब्यातनं. तुम्ही मात्र आमच्याकडचं फक्त एक थालीपीठ घेतलंत आणि काठावर उभं राहून पोरं पुढं सरकू नयेत म्हणून शेवटपर्यंत पहारा दिलात. थांबण्याचा जादा चार्ज पण लावला नाहीत, मी दोनदा विचारलं.

आता वर्गातली गंमत ऐका. वाळूतली नदी पोरांनी मोडून परत काढली, ह्या वेळी आधी आढं काढलं. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थचं धरण आलं तेव्हा एक पोरगा ओरडला, "अगं बाई, यल्लम्माला जाताना दिसतंय ते पाणी आपल्या कुंडातलंच की!" आणखी एका पोरीचे काका हुबळीला राहतात, तिथं नळाला मलप्रभेचंच पाणी येतं हे कळल्यावर तिनं घरी जाऊन फोन लावला. पट्टदकल पण ह्याच नदीकाठी, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत, तिथं पोरांनी आगपेटीची देवळं ठेवलीत. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेवरनं कर्नाटक-गोव्याचं भांडण पेपरात वर्षानुवर्षं चाललंय, आता एका पोराच्या आजोबांनी शाळेत येऊन मला सांगितलं, "बाई, मला पण आत्ता नातवानं समजावलं, पाणी कुठल्या बाजूचं कुठं न्यायचं म्हणतायत ते." हे क्रेडिट तुमचं आणि गोठ्याचं, माझं नाही.

पुढच्या वर्षी ही पोरं पाचवीला जातील. हेडमास्तर आणि एसडीएमसीवाले, म्हणजे शाळेच्या कमिटीवाले, तयार झाले तर पट्टदकल करून कूडलसंगमपर्यंत जायचा विचार आहे, नदी कुठं संपते ते बघायला. मुक्कामाची ट्रिप होईल, तर डिझेल धरून काय पडेल ते जरा अंदाजानं कळवा, पालकांच्या मीटिंगमध्ये सांगता येईल. आणि हो, मागच्या सीटखाली निळी पाण्याची बाटली राहिलीय, झाकणावर मांजराचं स्टिकर आहे. इकडून जाणं झालं तर गेटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवा, तिची मालकीण रोज विचारतेय.