सिस्टर, आपला मंगळवार अजून भरतो

सिस्टर,

तुमच्या बदलीचा निरोप आला तेव्हा मी रानात कांदा काढत होते. गाठ पडली नाही. म्हणून चार लोकांनी वाचावं असंच हे लिहिते.

माझं बीपी पहिल्यांदा निघालं ते 168/104. तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, "मीठ कमी करा" म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. मी 15 दिवस गोळ्या घेतल्या आणि सोडून दिल्या. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला? घरात कुणाला सांगितलंही नाही.

मग तुम्ही अंगणवाडीच्या ओट्यावर मंगळवारी 4 वाजता आम्हा बायकांना बसवायला लागलात. आधी वाटलं, भाषण असणार. तुम्ही विचारलंत, "महिन्याला मीठ किती लागतं?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघतच राहिलो. मीठ कोण मोजतं? आमच्यात खाणारी 6 माणसं, आणि किलोच्या 2 पुड्या. "त्यातलं जनावरांना किती जातं?" हेही तुम्हीच विचारलंत. ते अर्धा किलो वजा केलं. मग चहाचा एक चमचा सपाट भरून दाखवलात. माणशी दिवसाला एवढंच, 5 ग्रॅम. सहा जणांचं महिन्याला 900 ग्रॅम होतं आणि आम्ही दीड किलो खात होतो. लोणचं, पापड तर हिशेबातच नव्हते. काय कमी करायचं ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत, आम्हालाच विचारलंत. मी म्हणाले, ताटात मीठ वाढायचं बंद. कुणी म्हणाली, खर्डा रोज नको. मी त्याच रात्री मिठाची वाटी जेवणातून उचलली. माझ्या तोंडून निघालेलं होतं, मग ते मोडणार कशी?

त्यापुढच्या एका मंगळवारी शेजारच्या वहिनी सासूबाईंचं सांगत होत्या. गोळ्या बंद केल्या आणि एका पहाटे उजवी बाजू गेली. सगळ्या गप्प झाल्या. तुम्हीही गप्प राहिलात. तेवढ्यात मी म्हणून गेले, "मीपण सोडल्यात." वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "का सोडल्या, ताई?" तसं मला त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. गोळ्या मिळायचा दिवस आणि आमचा बाजार एकाच वारी यायचा, हे तेव्हा निघालं. आणखी तिघींचीही तीच गत होती. वहिनींनी तिथंच ठरवलं की रोज सकाळी पाण्याला जाताना मला हाक मारायची, "घेतली का?" अजून मारतात.

मिशरीचंही तसंच. दवाखान्यात विचारलं की आम्ही सगळ्या "नाही" म्हणायचो. ओट्यावर आमच्या आत्याबाईंनी पदराआडची डबी काढून मधे ठेवली, तेव्हा आणखी पाच डब्या निघाल्या. तुम्ही एकीलाही लाजवलं नाहीत. सगळ्यांची सुटली असं नाही. दोघींची पूर्ण सुटली, आत्याबाई आता सकाळी एकदाच लावतात.

एका उपकेंद्राला साधारण 5000 माणसं धरतात. लसीकरण, गरोदर बायांच्या तपासण्या, बाळंतिणींच्या घरभेटी, वर रजिस्टरं. एवढं उरकून तुम्ही आमच्यात तासभर मांडी घालून बसायचात. त्या तासाचा रकाना कुठल्या रजिस्टरात असतो का, मला माहीत नाही. नसला तर तो असायला हवा, असं मी ठासून म्हणते. मला एकटीला सांगून जे पटलं नाही, ते बाराजणींत बसून पटलं.

नव्या सिस्टर चांगल्या आहेत. मशीन घेऊन येतात, 5 मिनिटं गप्प बसवून मगच पट्टा बांधतात, तुमच्यासारखं. गेल्या मंगळवारी माझं 132/84 आलं. वहिनींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

सिस्टर, तुमचे मनापासून आभार. जत्रेला या. मुक्काम आमच्याकडंच करा.

तुमची,
मंगळवारच्या ओट्यावरची एक ताई