तुझी स्लाइड फसलेली नाही

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर फार चिडला होतास. कांद्याच्या मुळीची अख्खी काचपट्टी धुंडाळली, तर जिकडेतिकडे नुसते गोल ठिपके आणि पुस्तकातल्यासारखी गुणसूत्रं जेमतेम चार-पाच पेशींत. नाही फसली रे स्लाइड. वीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत अ‍ॅसिटोकार्मिनच्या रंगानं बोटं लाल करून घेतली आहेत मी. चांगली स्लाइड अशीच दिसते.

दुपारी एसटी स्टँडचा फोटो काढलास तर धावत गाडी पकडणारे दोघे-चौघे दिसतील आणि बाकड्यांवर बसलेले पन्नास. ज्या अवस्थेला वेळ जास्त लागतो, त्याच पेशी जास्त सापडणार. गुणसूत्रं सुटी दिसतात ती पेशी दुभंगत असतानाच, एरवी नुसता गोल ठिपका. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण 24 तासांचं. त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभरात उरकतं.

मी नोकरीला लागले तेव्हा भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात उरलेल्या काळाला 'विश्रांती अवस्था' म्हटलं होतं. राग यायचा मला. लग्नघरातल्या बायका महिनाभर राबतात आणि फोटो निघतो अंतरपाट दूर झाल्याचा, तसलंच ते. त्या 'विश्रांती'तच तर डीएनएची अक्षरन् अक्षर नक्कल होते, आपल्या एकेका पेशीत सहा अब्जांहून जास्त अक्षरांची! 1953 मध्ये लंडनला अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळ्यांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, तेव्हा दिसलं की ही नक्कल मधल्या ठरावीक वेळातच होते. तिच्या मागचा-पुढचा काळ त्यांनी 'गॅप' म्हणून सोडला. तू घोकतोस ते जी-वन, जी-टू एवढंच.

ती गॅपही रिकामी नाही. नक्कल पुरी झाली का, डीएनए कुठे तुटलाय का, पेशी पुरेशी वाढली का, हे सगळं तिथे पाहिलं जातं. पॉल नर्स यांना एडिनबरात यीस्टच्या अशा पेशी सापडल्या, ज्या पुरत्या वाढण्याआधीच दुभंगत होत्या. थांबवून धरणारा ब्रेकच निकामी! त्या जनुकाला नाव पडलं 'वी', स्कॉटिश बोलीत चिमुकलं. 2001 च्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांत नर्स होते.

विभाजन सुरू झाल्यावरही घाई नसते. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या दोऱ्यांना एक जरी गुणसूत्र नीट अडकलं नसेल तर बाकीची सगळी मध्यावस्थेत ताटकळतात. आपल्या दारातल्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन हे दोरेच बनू देत नाही. पेशी तिथेच अडकून मरतात. रक्ताच्या कर्करोगावर ते देतात ते त्यासाठीच. आणि हो, या विभाजनाच्या 'सूत्री विभाजन' या मराठी नावाला हसू नकोस. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं 1882 मध्ये 'मायटोसिस' शब्द केला तोही ग्रीकमधल्या धाग्यावरूनच.

आता परत कर. मेसमधून छोटा कांदा माग, जुन्या मुळ्या खरवडून बाटलीच्या तोंडावर ठेव. मुळ्या सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान काप, टोकाचे दोन-तीन मिलिमीटरच घे. वर टिपकागद ठेवून अंगठा सरळ दाबायचा, घसरवायचा नाही. तुझं तिथेच बिघडत असणार. एखादी पेशी नीट पसरली तर 16 गुणसूत्रं मोजून मला फोन कर. पंधरा भरली तरी कर.

तुझी,
आई