नर्स की आया, आधी विचारा

संपादक साहेब,
आईला पार्किन्सन्स, आम्ही दोघं नोकरीवाले, म्हणून घोडबंदर रोडच्या एका ब्युरोकडून २४ तासांची बाई ठेवली, 'ट्रेन्ड नर्स' म्हणून पाठवलेली, पण तिला साधं बीपी बघता येईना. त्यात दुपारची गोळी चुकली, आणि या आजारात गोळीची वेळ टळली की माणूस जागच्या जागी अडकू शकतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारी स्वभावाने सोनं होती, तिची चूक नाही. नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम असा नर्सिंगचा कोर्स झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली, तो कागद मागा. बाई गावी गेली तर बदली कोण हेही लेखी घ्या. आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता!
- एक वाचक, ठाणे