केटीच्या निकालानंतर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोललो असतो तर तू ‘हो बाबा, हो बाबा’ करत मान डोलावली असतीस आणि मीही दोन वाक्यांत आवरतं घेतलं असतं. म्हणून लिहितोय. आईने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. तू ताट तसंच सारून उठायला लागलीस, मग तिला राहवेना. मॅथ्स आणि केमिस्ट्री, दोन विषय राहिले, दोन केटी. मी रागावलेलो नाही. वाईट एवढंच वाटलं, की बावीस वर्षं कॉलेजच्या खिडकीमागे बसून मी लोकांच्या मुलांना हेच समजावत आलो, आणि माझ्या घरातली गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली.

तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो. १९९३ साली मी एफवायबीएस्सीला होतो, ठाण्यातच. बोर्डावर निकाल लागला, माझ्या नंबरापुढे ए.टी.के.टी. अशी चार अक्षरं. त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, विचारणार कोणाला? ऑफिसच्या खिडकीत गेलो तर आतल्या माणसाने मान वर न करता ‘नोटीस वाच’ म्हटलं. नोटीस इंग्रजीत होती. तीन वेळा वाचली आणि घरी येऊन तुझ्या आजोबांना सांगितलं, नापास झालो. त्या जूनमध्ये ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. दोन वर्षांनी तलावपाळीवर वर्गातला एक मित्र भेटला, तेव्हा कळलं की एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्षाला बसायची मुभा. राहिलेले विषय देत देत तो एसवायला गेला होता, मी मात्र माळ्यावर पुस्तकं बांधून ठेवली होती. पुढे नोकरी करत पत्राद्वारे बी.ए. केलं, ती गोष्ट वेगळी.

म्हणून आता कोणी खिडकीत आलं की मी आधी मान वर करतो.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी साडेतीनला येणारी मुलं मला दुरूनच ओळखू येतात. मार्कशीट चार घड्या करून खिशात ठेवलेली असते आणि जाळीखालून सरकवताना अंगठा नेमका मार्कांवर असतो. यातल्या बहुतेकांचा प्रश्न अभ्यासाचा नसतोच. फॉर्म कधी भरायचा, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी कधीपर्यंत मागता येते, इंटर्नलमध्ये अडकलंय की लेखीत, हे कोणी त्यांना वेळेवर सांगितलेलं नसतं, आणि त्यांनीही लाजेपोटी विचारलेलं नसतं. महिनाभर आधी आला असतास तर, हे वाक्य मला मुलांना म्हणावं लागतं. तुला कोणी ते म्हणू नये.

तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर मेंटॉरची, म्हणजे कोणत्या मुलांकडे कोणते शिक्षक लक्ष देणार त्याची, यादी आली असणारच. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, कॉलेजला ती ठेवावी लागते, म्हणून मुलांना वाटतं की ती फाईलपुरतीच आहे. तसं समजू नकोस. तुझ्या मेंटॉर मॅडमना लेक्चर संपल्यावर दारात गाठू नकोस, त्यांना दुसऱ्या वर्गावर जायची घाई असते. कोणत्या वेळी बसता ते विचार आणि मार्कशीट घेऊन जा. ‘मॅडम, मला मॅथ्स जमत नाही’ असं म्हणालीस तर त्या तरी काय सांगणार? वही उघडून दाखव, इथपर्यंत कळतं आणि या पानापासून सुटलं. तुझी वही मी बघितली नाही, पण दिवाळीआधी तुला ताप आला आणि तुझे दहा दिवस बुडाले, हे मला आठवतंय. मला वाटतं गाठ तिथेच आहे. हजेरीचंही त्याच भेटीत विचारून घे. ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची यादी लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तापाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आईने जपून ठेवलंय.

वर्ष वाया गेलं, असं तू आईला म्हणालीस. तसं नाही गं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट असतात, आणि थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं शिकवणं. तू पास झालेल्या विषयांची क्रेडिट तुझीच आहेत. डिजिलॉकरवर तुझा बारा आकडी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला तुझा खातेनंबर, आहे, तिथे ती जमा होतात. आणि केमिस्ट्री मनापासून नकोच असेल, फक्त मैत्रिणींनी घेतली म्हणून घेतली असशील, तर तेही मॅडमना मोकळेपणाने सांग. विषय बदलता येतो का, कधी आणि कशाच्या बदल्यात, हे त्याच सांगतील. मी क्लार्क आहे, मला फॉर्म कळतात. तुझ्यासाठी काय बरं, ते तुझे शिक्षक माझ्यापेक्षा नीट सांगतील.

जेवण सुटलंय, झोप लागत नाही, त्याचं काय? त्यासाठी समुपदेशकाकडे जायला घाबरू नकोस. शंभर आणि त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलंय. रात्री फारच जड वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलतात. आणि त्याआधी मला उठव. कितीही वाजले असले तरी उठव.

शुक्रवारी मी हाफ डे टाकलाय. कोपरखैरणेहून दोनच्या सुमाराची गाडी पकडून ठाण्याला येतो आणि ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर थांबतो. मॅडमकडे तू एकटीच जायचंस, मी बाहेर उभा राहीन. नको असेल तर तसं सांग, मी घरीच थांबेन.

मार्कशीट दप्तरात चुरगळू देऊ नकोस. कपाटात खालच्या खणात निळी फाईल आहे, तिच्यात ठेव. माझी १९९३ सालची तिच्यातच आहे.

तुझे,
बाबा