आई, त्या कौलाचं मनावर घेऊ नकोस

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तीन आठवडे झाले, तू स्वतःहून फोन केलेला नाहीस. मीच करते, तर 'सगळं ठीक आहे' म्हणून लगेच बाबांकडे देतेस. काल बाबांकडून कारण कळलं. पेपरात 'वाचकांचा कौल' आला होता: आजी-आजोबांनी नातवंडांच्या संगोपनात लक्ष घालावं का? बहुतेकांचं उत्तर 'नाही'. ते कात्रण तू डायरीत जपून ठेवलंयस म्हणे. ऐकल्यापासून मला चैन नाही.

अगं, हा कौल निघतो कसा ते तरी बघ. टक्केवारी ठळक छापतात, पण मतं किती आली ते कुठेच नसतं. सात जणांनी मत दिलं आणि त्यातले पाच 'नाही' म्हणाले, तरी ७१ टक्केच छापून येणार. शिवाय मत देतं कोण? आदल्या दिवशी ज्याच्या घरी वाजलंय, तो. जिची सासू रोज बाळाला थोपटून झोपवते, ती कशाला फोन उघडून 'होय' दाबत बसेल! हाच पेपर मध्येच विचारतो, रस्त्यावरचे खड्डे बुजवावेत का? असल्या प्रश्नांच्या पंगतीला बसलेला प्रश्न तू जिवाला लावून घेतलास.

बाबा, तुम्ही रागावू नका, पण २००७ मध्ये जगातल्या नव्या सात आश्चर्यांत ताजमहाल यावा म्हणून तुम्ही आधी तुमच्या फोनवरून मत पाठवलंत आणि मग आईच्या. एका माणसानं कितीही वेळा फोनवरून मत द्यावं, चालत होतं. युनेस्कोनं तेव्हाच सांगितलं होतं की या निवडीशी आमचा संबंध नाही. पेपरच्या कौलातही असे दोन-दोन फोनवाले नसतील कशावरून?

यात भलेभले फसलेत. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यांनी छापलं, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले! झालं असं की नावं घेतली होती टेलिफोनच्या यादीतून, मोटारमालकांच्या नोंदींतून. ऐन मंदीत फोन आणि मोटार कुणाकडे होती? त्यातही पत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी रूझवेल्टवर चिडलेल्यांनीच जास्त घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्यांच्या मानानं फार थोड्यांना विचारलं, पण सगळ्या थरांतल्या लोकांना, आणि रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं. १९३८ मध्ये ते साप्ताहिक बंद पडलं.

शितावरून भाताची परीक्षा तू आयुष्यभर केलीस. पण तू भात खालवर करून, मधलं शीत काढून दाबून बघतेस. या कौलात शितंच टुणकन उडी मारून पळीवर येऊन बसतात. त्यावरून भात शिजला की नाही हे तू तरी सांगशील का?

परवा रात्री चिनू कान ओढत एकसारखा रडत होता. तुझा नंबर काढला होता मी. मग वाटलं, तू 'तुमचं तुम्ही बघा' म्हणशील, आणि फोन ठेवून दिला. सकाळी डॉक्टरांनी कानात थेंब दिले, आता बरा आहे. पण ती रात्र मी एकटीनं काढली, आणि तूही तिकडे जागीच असशील हे मला माहीत होतं.

मला त्या पेपरनं काही विचारलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. होय, लक्ष घाल. कान दुखला तर काय करायचं, रात्री दूध द्यायचं की नाही, सगळं सांग. मला पटलं नाही तर मी भांडेन, आजवर भांडत आलेच आहे.

उद्या रात्री आठ वाजता तू फोन कर. चिनू तेव्हा जागाच असतो.

तुमची,
मनू