अध्यक्षांना ‘अ‍ॅडमिन’ कशाला हवं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात एका वाचकानं तक्रार केली होती, की त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर गेले, आणि विचारायला गेल्यावर ‘संगणकाची चूक’ एवढंच उत्तर मिळालं. मी तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. आमच्याकडेही हेच घडलं. चूक संगणकाची नव्हती, आमची होती, आणि त्यातली निम्मी माझी. पत्र लांबेल, कात्री आपल्या हाती आहेच.

२०२० च्या टाळेबंदीत पुस्तकं आत आणि वाचक बाहेर अशी अवस्था झाली, तेव्हा कार्यकारिणीनं संकेतस्थळ करायचं ठरवलं. सभासदाला आपल्या नावावर कोणती पुस्तकं आहेत ते घरबसल्या दिसावं, नव्या पुस्तकाची मागणी नोंदवता यावी, व्याख्यानमालेची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकता यावीत, एवढीच अपेक्षा होती. गावातल्याच एका मुलानं वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळं बनवण्याच्या तयार प्रणालीवर, ते उभं करून दिलं आणि जाताना मला एक कागद दिला. त्यावर, संकेतस्थळावर कोणाला काय करता येईल, त्याच्या पाच भूमिका लिहिल्या होत्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सगळंच करू शकतो, माणसं आत घेण्यापासून अख्खी रचना मोडण्यापर्यंत. एडिटर कोणाचाही मजकूर दुरुस्त करतो, प्रसिद्ध करतो, खोडतो. ऑथर स्वतःच्या लेखनापुरता मुखत्यार. काँट्रिब्यूटर लिहून ठेवतो, पण ते प्रसिद्ध करणं दुसऱ्याच्या हाती. त्याला साधा फोटोसुद्धा चढवता येत नाही. आणि सबस्क्रायबर आत येतो, वाचतो, फार तर स्वतःची माहिती बदलतो.

हा कागद मी बैठकीत वाचून दाखवला आणि तिथेच माशी शिंकली. मी सुचवलं होतं, की अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोघंच असावेत, कार्यवाह आणि ग्रंथपाल. अध्यक्षांना मी सबस्क्रायबर धरलं होतं, कारण त्यांना तिथे वाचण्यापलीकडे काही करायचंच नव्हतं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा सगळ्यांनी पाहिला. उपाध्यक्षांना मी काँट्रिब्यूटर केलं होतं, कारण ते पुस्तक परिचय लिहिणार होते. ते मात्र बोलले. ‘पंचवीस हजार देणगी देऊन मी काँट्रिब्यूटर आहेच. आता माझं लिखाण कोण तपासणार?’ अर्ध्या तासानं ठराव झाला, की कार्यकारिणीचे अकराही सदस्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. तो ठराव इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे.

आमच्या वाचनालयात दुर्मीळ ग्रंथांचं एक शिसवी कपाट आहे. त्याच्या दोन किल्ल्या, एक माझ्याकडे आणि एक कार्यवाहांकडे. माझ्या काळात पाच अध्यक्ष झाले, एकानंही कधी ती किल्ली मागितली नाही. पोथी पाहायची झाली तर ते खुर्चीवर बसत आणि मी कपाट उघडून ती आणून देई. त्यात त्यांना कमीपणा तर वाटत नसेच, उलट मोठेपण वाटे. तीच माणसं पडद्यावर ‘भूमिका’ हा शब्द दिसला की त्याला पायरी समजतात आणि आपण कितव्या पायरीवर ते मोजू लागतात. यात त्या शब्दाचाही दोष असेल. ‘भूमिका’ऐवजी ‘कामाची किल्ली’ असं काही लिहिलं असतं, तर ती बैठक दहा मिनिटांत आटोपली असती असं मला अजून वाटतं.

पुढे दीड वर्षात दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी, की एक सदस्य गाव सोडून मुलाकडे राहायला गेले. अकरा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांपैकी एकानं, नाव कशाला सांगू, तत्परतेनं त्यांचं खातं काढून टाकलं. काढताना पडद्यावर प्रश्न येतो, की या व्यक्तीच्या मजकुराचं काय करायचं, खोडायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा? त्यांनी ‘खोडा’वर बोट ठेवलं. गेलेल्या गृहस्थांनी तोवर शंभरावर पुस्तक परिचय लिहिले होते, प्रत्येकासोबत मुखपृष्ठाचा फोटो. मला हे तीन आठवड्यांनी कळलं, तेही एका सभासदानं ‘ताई, तो कथासंग्रहाचा लेख दिसेना’ म्हटलं म्हणून. खोडलेले लेख आतल्या कचरापेटीत तीस दिवस पडून असतात, त्यामुळे मजकूर परत मिळाला. फोटोंना ती सवलत नसते. ते गेले ते गेलेच. आजही त्या लेखांमध्ये फोटोच्या जागी मोकळी चौकट आहे, दात पडल्यासारखी.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सभासदांची यादी, म्हणजे नाव, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख, आम्ही पीडीएफ करून एका पानावर ठेवली होती आणि त्या पानाला ‘फक्त सभासदांसाठी’ असं कुलूप लावलं होतं. कुलूप चांगलं होतं. पण ते पानाला होतं, फाइलला नव्हतं. वर्डप्रेसमध्ये चढवलेल्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात जाऊन बसतात आणि ज्याला फाइलचा नेमका पत्ता ठाऊक आहे, त्याला ती पानावर न जाता थेट उघडता येते. कुलपासाठी घेतलेलं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, फाइलींचंही रक्षण करतं का, ते वेगळं पाहावं लागतं. आम्ही पाहिलं नव्हतं. त्यावर कडी म्हणजे वार्षिक सभेच्या सूचनेत, जी सगळ्यांना खुली होती, ‘यादीत आपले नाव तपासा’ म्हणून त्याच फाइलचा दुवा मीच दिला होता. तिथून ती गूगलला सापडली. एका ज्येष्ठ सभासद बाईंच्या नागपूरच्या भाच्यानं सहज मावशीचं नाव शोधलं, तर तिचा फोन आणि जन्मतारीख समोर. सोबत आमच्या आणखी आठशे सभासदांची.

फाइल त्याच दिवशी काढली. गूगलच्या यादीतून ती जायला वेळ लागला. सभासदांना पत्र लिहून सांगावं असं मी म्हटलं, तर ‘कशाला बोभाटा?’ असं उत्तर आलं. मी शेवटी सूचनाफलकावर स्वतःच्या सहीनं लिहून लावलं. तीन जण भांडायला आले, बाकीच्यांनी नुसतं वाचलं. त्या बाई आल्या नाहीत, त्यांनी फक्त त्या वर्षीची वर्गणी भरली नाही.

आता या गोष्टी ‘गावातलं वाचनालय, चालायचंच’ म्हणून सोडता येत नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी आहे. आमच्यासारख्यांना तो आकडा वाचून हसूच येतं, पण आमच्या बालविभागाचं काय? अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती लागणार आहे. आमच्या जुन्या यादीत बालसभासदांची शाळा आणि इयत्तासुद्धा होती. कशासाठी? बक्षीस समारंभाच्या वेळी सोपं जावं म्हणून.

यानंतर मी माझ्या भाचीला घेऊन बसले. ती पुण्यात याच क्षेत्रात काम करते. तिनं संगणक उघडलाच नाही, दाखल नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. डावीकडे माणसं: पाहुणा, वार्षिक सभासद, आजीव सभासद, बालसभासद, देवघेव खिडकीवरची मुलं, लेख लिहिणारे, कार्यकारिणी, हिशेबनीस. वर कामं: पाहणं, लिहिणं, प्रसिद्ध करणं, खोडणं, सभासदांची माहिती पाहणं, ती बदलणं. मग प्रत्येक चौकटीत हो किंवा नाही. वाटलं होतं पंधरा मिनिटांचं काम आहे, दुपार गेली. कारण प्रत्येक चौकटीत संस्थेचा एकेक जुना न सुटलेला प्रश्न दडलेला होता. आजीव सभासदाला वार्षिकापेक्षा जास्त काय मिळतं? घटनेत लिहिलंय ‘मतदानाचा हक्क’. मग वाचायला जास्त का मिळावं? देवघेवीच्या मुलांना फोन नंबर दिसायला हवा, पुस्तक थकलं तर फोन करावा लागतो. पण जन्मतारीख कशाला? आणि ती मुलं तिघं मिळून एकाच नावानं आत जात. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला, ‘वाचनालय’ आणि पुढे एक-दोन-तीन. काही बिघडलं की नोंदीत नाव एकच, ‘वाचनालय’. वाचनालयाला कोणी जाब विचारायचा?

अकराचे दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झाले. त्या दोघांनीही रोजच्या कामासाठी दुसरं, साधं खातं वापरायचं आणि मोठी किल्ली लागेल तेव्हाच काढायची असं ठरलं. बदल केला की दुसऱ्या ब्राउझरमध्ये साध्या सभासदाच्या नावानं आत जाऊन पाहायचं, ही सवय भाचीनं लावली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला सगळीच दारं उघडी दिसतात, कुलूप लागलंय की नाही हे त्याला कळतच नाही.

एका गोष्टीचं श्रेय मात्र मी घेते. आमच्याकडे वार्षिक वर्गणी ३१ मार्चला संपते. १ एप्रिलला सकाळी निवृत्त मास्तर ध्वनिमुद्रण ऐकायला गेले, तर पडद्यावर आलं, ‘आपल्याला हे पान पाहण्याची परवानगी नाही.’ मास्तर चाळीस वर्षांचे सभासद. ते दुपारी काठी टेकत आले आणि म्हणाले, ‘मला काढलंत का?’ मी दुसऱ्याच दिवशी ते वाक्य बदलायला लावलं. आता येतं: ‘आपली वर्गणी ३१ मार्चला संपली. नूतनीकरण इथे करा किंवा देवघेव खिडकीवर या. तोपर्यंत आपल्या नावावरची पुस्तकं आपल्याला दिसत राहतील.’ मुदत संपलेला सभासद हा पाहुणा नसतो. त्याची स्वतःची एक चौकट असते, आणि ती आमच्या तक्त्यात नव्हतीच. शिवाय महिनाभराची सवलत ठेवली, खिडकीवर ती आम्ही पूर्वीपासून देतच होतो.

कुलपं जास्त झाली तरीही वाईटच. काही सदस्यांचा आग्रह होता, की ग्रंथसूचीही सभासदांपुरती ठेवा, म्हणजे लोक सभासद होतील. मी विरोध केला. १९६७ च्या कायद्याखाली शासनाचं अनुदान घेणारं सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे काय आहे हेच लपवणार असेल, तर पाटीवरून ‘सार्वजनिक’ शब्द काढावा. याच्या उलट प्रकार जुन्या दिवाळी अंकांचा. कोणीतरी ते स्कॅन केले आणि ‘सभासदांनाच दिसतील, मग काय हरकत?’ असं म्हणाले. हरकत अशी, की लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो आणि एका अंकात तीसेक लेखक असतात. दाराला कुलूप लावलं म्हणून आतला माल आपला होत नाही. ते स्कॅन आम्ही काढून घेतले. काही सभासद अजून नाराज आहेत.

आता माझी मागणी. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले, की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. बँकेत ठराव जातो, सह्या बदलतात. कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्के मोजून घेतले जातात. संकेतस्थळाचं मात्र कोणी विचारत नाही. आमच्या तपासणीत तीन अशी खाती निघाली, ज्यांचे मालक दोन निवडणुकांपूर्वीच बाहेर पडले होते आणि अजूनही घरबसल्या सगळं खोडू शकत होते. त्यातला एक तो संकेतस्थळ करून देणारा मुलगा, जो आता दुबईला असतो. मुलगा सज्जन आहे, पण ते नशीब. प्रत्येक संस्थेनं पदभार देता-घेता एक कागद जोडावा: कोणाकडे कोणती किल्ली, ती कधी दिली, कधी परत घेतली, आणि डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचं, नाव कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे. लेखापरीक्षकांनीही तो मागावा. खर्च शून्य आहे.

एक प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही, आणि आपल्या वाचकांपैकी कोणी सोडवला असेल तर कळवावं. आमचे एक आजीव सभासद तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचं खातं चालू आहे. दर रविवारी रात्री त्या खात्यातून कोणीतरी आत येतं आणि १९९० च्या दशकातली व्याख्यानं ऐकतं. त्यातल्या दोन व्याख्यानांचं सूत्रसंचालन त्या सभासदांनीच केलं होतं. आत येणारी त्यांची पत्नी असावी. आजीव सभासदत्व वारसाला जात नाही असं घटना म्हणते, आणि नव्या तक्त्याप्रमाणे ते खातं बंद करणं कार्यवाहांचं काम आहे. त्यांनी मला विचारलं आणि मी ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हटलं. त्याला तीन बैठका झाल्या.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा